सूत्रकृमीची अंडी फोडणारी बुरशी: मातीतली ही लढाई कशी चालते?

वांगी, टोमॅटो किंवा भेंडीच्या प्लॉटमध्ये काही झाडं पाणी असूनही दुपारी माना टाकतात. पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते. खत वाढवलं, फवारणी केली, तरी फरक पडत नाही. अशा वेळी झाड उपटून मुळं बघितली की अनेकदा खरं कारण दिसतं. मुळांवर गाठीच गाठी असतात.

या गाठी कशामुळे होतात?

सूत्रकृमी नावाच्या दोऱ्यासारख्या जिवामुळे. मुळात शिरणारं त्याचं पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मादी मुळात ठाण मांडून रस शोषते आणि चिकट आवरणात शेकडो अंडी घालते. उबदार जमिनीत साधारण महिनाभरात नवी पिढी तयार होते.

पण प्रत्येक गाठ वाईट नसते. परभणी जिल्ह्यात सोयाबीन, तूर, मूग भरपूर होतात. त्यांच्या मुळांवर नत्र देणाऱ्या रायझोबियम जिवाणूंच्याही गाठी असतात. त्या बोटाने सहज सुटतात आणि आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ वेगळी निघत नाही, कारण तिथे मूळच सुजलेलं असतं.

बुरशी काय करते?

1979 मध्ये पेरू देशातल्या शास्त्रज्ञांनी बटाट्याच्या मुळांवरच्या सूत्रकृमीच्या अंड्यांवर एक बुरशी वाढताना पाहिली. तिचं तेव्हाचं नाव पॅसिलोमायसिस लिलॅसिनस. आता शास्त्रज्ञ तिला पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम म्हणतात, पण दुकानात अजूनही जुनं नाव चालतं.

सूत्रकृमीच्या अंड्याचं कवच पक्कं असतं. बाहेर प्रथिनांचा थर, मध्ये कायटिनचा, आत स्निग्ध पदार्थांचा. कायटिन म्हणजे खेकड्याच्या आणि किड्यांच्या कवचात असतो तोच चिवट पदार्थ. बुरशीचा धागा अंड्याला चिकटतो आणि एन्झाइम, म्हणजे विकरं सोडतो. प्रोटिएज प्रथिनं तोडतं, कायटिनेज कायटिन विरघळवतं, लायपेज स्निग्ध थर फोडतं. कवच मऊ पडलं की धागा आत शिरतो आणि वाढणाऱ्या पिल्लावरच पोसतो. पोकोनिया नावाची बुरशीही अशाच पद्धतीने अंडी फस्त करते.

आर्थ्रोबोट्रिस ही बुरशी मात्र थेट शिकार करते. ती धाग्यांची चिकट जाळी विणते, सूत्रकृमी अडकला की त्याची कातडी विकरांनी भेदून आत घुसते.

मग शेतात लगेच गुण का येत नाही?

कारण हे विष नाही, जिवंत बुरशी आहे. मुळाच्या आत बसलेल्या सूत्रकृमीपर्यंत ती सहसा पोचत नाही. तिचा मुख्य मारा मुळाबाहेर आलेल्या अंड्यांवर असतो. म्हणून पीक कोमेजल्यावर घाई करण्यापेक्षा लागवडीआधी किंवा रोपवाटिकेतच ती देणं फायद्याचं.

दुसरी गोष्ट हवामानाची. या बुरशीला साधारण 25 ते 30 अंश तापमान, ओलावा आणि सेंद्रिय पदार्थ लागतात. परभणीत मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो. कोरड्या, तापलेल्या मातीत ती टाकली तर पैसे वाया. मात्र हेच ऊन सूत्रकृमीलाही सोसत नाही, म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी आणि बुरशी पावसानंतर ओल आल्यावर द्यावी.

वापरताना काय बघायचं?

- पाकिटावर बुरशीचं नाव, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख तपासा. मात्रा लेबलप्रमाणेच घ्या.
- चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा निंबोळी पेंडीत मिसळून द्या.
- सोबत बुरशीनाशकाची आळवणी करू नका, नाहीतर ही बुरशीही मरेल.
- वांगी, टोमॅटो, भेंडी एकाच जागी पुन्हा पुन्हा घेऊ नका. मध्ये झेंडूचं पीक घ्या.

पूर्वी अनेक जण जमिनीत फोरेटचे दाणे टाकत. अतिविषारी असल्याने भारतात 31 डिसेंबर 2020 पासून त्याच्या वापरावर बंदी आहे. त्यामुळे जैविक पर्यायांचं महत्त्व वाढलंय. परभणीतल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘बायोमिक्स’ हे उपयुक्त बुरशी आणि जिवाणूंचं मिश्रण मराठवाड्यात बरंच वापरलं जातं. मात्र कोणतंही मिश्रण घेण्याआधी त्यात सूत्रकृमीवर चालणारी बुरशी आहे का, हे विचारून घ्या. आणि शंका असेल तर मुळांसह झाड आणि मातीचा नमुना घेऊन तज्ज्ञांना दाखवा.