बंदुकीचा तिसरा पाय

ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

२०२५ च्या सुरुवातीला आपला बीड जिल्हा बंदुकीच्या परवान्यांवरून राज्यभर गाजला. कमरेला पिस्तूल लावून काढलेले रील, हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ आणि मग प्रशासनाने रद्द केलेले परवाने, हे सगळं तुम्ही मोबाईलवर पाहिलंच असेल. आज विषय बंदुकीचाच आहे, पण ज्या गोष्टीचं रील कुणी काढत नाही तिच्याबद्दल बोलू. बंदूक टेकवायची कशावर?

पब्जी खेळणाऱ्यांना उत्तर माहीत आहे. डीपी-२८ घेऊन जमिनीवर झोपलं की गन एकदम कमी हलते, कारण तिच्या नळीखाली दोन पाय आहेत. त्यालाच म्हणतात बायपॉड.

आधी थोडं गणित. खांद्यापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण एक मीटर धरा. श्वास घेताना नळीचं तोंड फक्त १ मिलिमीटर हललं, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. ३०० मीटरवर ३० सेंटिमीटर. आणि माणूस तर सतत हलतो. श्वास चालू, नाडी चालू, हात भरून आलेला. म्हणून टेकू लागतो.

मग पाय दोनच का, तीन का नाहीत? कारण तिसरा पाय म्हणजे माणसाचा खांदा. टेकू कसाही निवडा, माणूस त्यातून सुटत नाही. आजची सगळी गोष्ट या एका वाक्याभोवती फिरते.

आता मागे जाऊ, तोड्याच्या बंदुकीच्या काळात. तोडा म्हणजे धुमसती वात. ती रंजकाला लागली की बार उडायचा. अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त दोन प्रकारच्या नळ्या नोंदवल्यात. लांब नळी दोन गजांची, म्हणजे जवळजवळ साडेपाच फूट, आणि छोटी सव्वा गजाची, तिला दमानक म्हणत. साडेपाच फुटी लोखंडी नळी उभ्याने हातात धरून नेम साधायचा म्हणजे विचार करा!

म्हणून बर्कंदाजापुढे निवड असायची. पहिला पर्याय बेचक्याची काठी. जमिनीत रोवा, वर नळी ठेवा. युरोपातले मस्केटवाले १६०० च्या आसपास हेच करत होते. स्वस्त आणि सोपं काम, पण दारू भरताना हात आधीच कमी पडतात, त्यात ही काठी सांभाळायची. दुसरा पर्याय नळीलाच जोडलेले दोन पाय. आपल्याकडच्या काही लांब बंदुकांना असे पाय होते. ते हरवत नाहीत, पण बंदुकीचं वजन वाढतं आणि तेही पुढच्या टोकाला. तिसरा पर्याय सगळ्यात भक्कम, तो म्हणजे भिंत.

ती भिंत बघायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात धारूरचा किल्ला आहे. आदिलशाही सरदार किश्वरखानाने तो १५६७ च्या सुमारास बांधला. किल्ल्यांच्या तटात बंदुकीसाठी ठेवलेली भोकं असतात, त्यांना जंग्या म्हणतात. ट्रेकला गेल्यावर आपण त्यातून फोटो काढतो. पण जंगी म्हणजे दगडाचा बायपॉडच. नळी भोकात टेकवली की वजन दगडावर, माणूस आडोशाला. अडचण एकच. जंगीचं तोंड ज्या दिशेला, तेवढंच तुमचं जग.

गंमत बघा. निजामशाही फौज धारूरवर चालून आली, तेव्हा किल्ल्यातून तोफा-बंदुकांचा मारा चालू होता, आणि किश्वरखान मेला तो बाण लागून. ही हकीकत फेरिश्त्याने लिहून ठेवलीय. म्हणजे टेकू पक्का असला की जिंकलोच, असं काही नसतं.

चौथा पर्याय उंट! जंबुरा म्हणजे उंटाच्या खोगिरावर फिरत्या खुंट्यावर बसवलेली छोटी तोफ. उंट बसवा, तोंड वळवा, बार काढा, उंट उठवा आणि पुढे चला. चालता-फिरता टेकू. पानिपतावर १७६१ साली अब्दालीकडे असे जंबुरे मोठ्या संख्येने होते.

याच सुमारास एक वेगळाच विचार आपल्या भागात पोचला होता. टेकूच नको! इब्राहिमखान गारदी फ्रेंच पद्धतीने तयार झालेला. फेब्रुवारी १७६० च्या उदगीरच्या लढाईत तो मराठ्यांच्या बाजूने होता. त्याच्या पलटणींकडे हलक्या चकमकीच्या बंदुका. ओळीत उभं राहायचं आणि हुकमावर एकदम बार टाकायचा. एकेकाचा नेम महत्त्वाचा नाही, सगळ्यांची शिस्त महत्त्वाची. इथे टेकूचं काम कवायतीने केलं.

आणि आता राक्षसभुवन. गेवराई तालुक्यात, गोदाकाठी. १० ऑगस्ट १७६३, भर पावसाळा. निजामाची फौज गोदावरी ओलांडत होती. निजामअली पलीकडे पोचला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह अलीकडेच राहिला. राघोबादादा गर्दीत सापडले, तेव्हा अठरा वर्षांचे माधवराव पेशवे धावून गेले आणि लढाई फिरली. विठ्ठल सुंदर मारला गेला. नदीला पाणी, त्यामुळे पलीकडच्या निजामाला मदत करता आली नाही. त्या दिवशी निकाल लावला वेगाने आणि वेळेने. जी फौज मधेच अडकली, तिला पाय रोवायला जागाच मिळाली नाही.

पुढे रायफली आल्या, मशीनगन आल्या आणि दोन पाय परत आले. दुसऱ्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणींकडे ब्रेन गन होती, साधारण दहा किलोची, बायपॉडवाली. निवड तीच जुनी. उंच पाय घेतले तर गवतावरून दिसतं, पण डोकंही वर येतं. बुटके घेतले तर डोकं वाचतं, समोरचं दिसत नाही. जड पाय स्थिर राहतात, पण दिवसभर ते पाठीवर वाहावे लागतात. सगळ्या बाजूंनी उत्तम टेकू अजून कुणी बनवलेला नाही.

शेवटी एक ताजं नाव. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं. प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. यात बायपॉड चालत नाही. गुडघ्यावर असताना एक कोपर गुडघ्यावर, झोपल्यावर दोन्ही कोपरं जमिनीवर. उभं राहिल्यावर तर फक्त हाडांची रचना आणि श्वास. वर्षानुवर्षं सराव करून माणूस स्वतःच टेकू होतो.

कमरेला पिस्तूल खोचून रील काढायला यातलं काहीच लागत नाही. टेकू नको, सराव नको, शिस्त तर नकोच. आपल्याच मातीत चारशे-साडेचारशे वर्षं लोक बंदूक स्थिर कशी ठेवायची याचा विचार करत आले. तिचे दोन पाय बाजारात मिळतील. तिसरा मिळत नाही.

धारूर आणि राक्षसभुवन दोन्ही जिल्ह्यातच आहेत, एका रविवारी जाऊन या. गेलात तर जंगीतून बाहेर बघा आणि काय काय दिसत नाही तेही मोजा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!