बोट आणि हात : दोन महायुद्धांची कविता

शाळा सातवीत सुटली. इंग्रजी शिकलो ते तिसऱ्या पाळीनंतर, डिक्शनरी मांडीवर घेऊन. अशीच दोन महायुद्धांतली इंग्रजी कविता वाचली. वाचली म्हंजे उकलली, एकेक ओळ. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढं ठेवतोय.

पहिलं महायुद्ध १९१४ ला पेटलं. तेव्हा रुपर्ट ब्रूकसारखे खात्यापित्या घरचे कवी देशासाठी मरणं किती पवित्र ते लिहीत होते. ब्रूक १९१५ ला मेला. गोळीनं नव्हे, डासाचा चावा चिघळून. मग १९१६ ला सोमची लढाई झाली. पहिल्याच दिवशी, १ जुलैला, ब्रिटिशांची १९ हजारांवर माणसं मेली. कवितेचा सूरच फिरला. सिगफ्रीड ससून, विल्फ्रेड ओवेन, दोघेही पलटणीतले अधिकारी. त्यांनी बोट रोखलं. सेनापतींवर, पुढाऱ्यांवर, घरी बसून टाळ्या पिटणाऱ्यांवर. ससूननं १९१७ ला युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला पडला. युद्ध थांबायला सात दिवस उरले होते.

पण मला जवळचा वाटतो तो आयझॅक रोझेनबर्ग. परमुलखातून लंडनला आलेल्या गरीब ज्यू घरचा पोरगा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, कोरीवकामाच्या धंद्यात उमेदवारीला लागला. पलटणीत गेला तो देशप्रेमानं नव्हे, आईला चार पैसे मिळतील म्हणून. शेवटपर्यंत साधा शिपाईच. १ एप्रिल १९१८ ला मेला. त्याच्या एका कवितेत उंदीर आहे. इंग्रजांच्या खंदकातून जर्मनांच्या खंदकात बिनदिक्कत जाणारा. माणसाला बंद असलेली हद्द उंदराला मोकळी. गावकुसाबाहेर वाढलेल्याला ही कविता समजावून सांगावी लागत नाही.

दुसरं महायुद्ध १९३९ चं. आता कवींना फसवणं सोपं नव्हतं. युद्ध ओंगळ असतं हे आधीचे सांगून गेले होते. आणि हिटलरला रोखलंच पाहिजे, हेही खरं होतं. मग लिहायचं काय? कीथ डग्लस आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाड्यावर होता. त्याच्या कवितेत नेमाच्या काचेत एक माणूस दिसतो, कुणाचा तरी लेक. कवी खूण करतो. माणूस संपतो. इथं बोट दुसऱ्याकडं नाही. कवी स्वतःचा हात बघतोय. ९ जून १९४४ ला नॉर्मंडीत तोही मेला. वय २४.

वेल्सच्या कोळसाखाणींच्या मुलखातला ॲलन लुईस पलटणीबरोबर आपल्याकडं आला. त्यानं मराठी मुलखातल्या घाटांवर कविता लिहिली. तिच्यात कष्टणारा शेतकरी आहे नि भूमिहीन सैनिकही. १९४४ ला तो ब्रह्मदेशात, आराकानात मेला.

ह्या दोन्ही युद्धांच्या काळात आपली माणसंही वर्दीत होती. १९१७ ला १११ वी महार पलटण उभारली, काम झाल्यावर १९२१ ला मोडली. १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यांतल्या एकाचीही कविता मी वाचलेल्या संग्रहांत नाही.

मित्रांनो, आपण लिहितो ती बहुतेक कविता बोटाची. ती हवीच. ओवेन खोटा नव्हता. पण डग्लसचा हात मला झोपू देत नाही. घरात बायकोवर उठणारा हात, आपल्यातल्याच खालच्याला लांब सारणारा हात. तो कोण लिहिणार? पुढच्या अंकाला कविता धाडाल तेव्हा एकदा तपासा. मीही वही चाळली. असली एकही कविता तिच्यात नाही.