आकड्याला मालक नसतो

गेल्या महिन्यात माझे दोन मित्र नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढायला निघाले. साठवलेले पैसे, घरच्यांची कशीबशी मिळालेली परवानगी, सगळं जमलं. गाडी अडली ती नावावर! त्यांना हवं होतं आधी शहराचं नाव, मग 'डेटा' आणि शेवटी 'सोल्यूशन्स'. "नाव वाचलं की काम कळलं पाहिजे," हा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं, बाबांनो थांबा, आधी इंटेलची गोष्ट ऐका.

१९६८ साली रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी फेअरचाइल्ड सोडून नवी कंपनी काढली. दोघांची आडनावं जोडली तर होतं 'मूर नॉइस', म्हणजे ऐकायला चक्क 'जास्त गोंगाट'. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना याहून वाईट नाव काय असणार! म्हणून सुरुवातीला एन एम इलेक्ट्रॉनिक्स ठेवलं आणि थोड्याच दिवसांत 'इंटिग्रेटेड इलेक्ट्रॉनिक्स'वरून इंटेल. पण मिळतंजुळतं नाव इंटेल्को या हॉटेल कंपनीकडे आधीपासूनच होतं. कोर्टकचेरी करत बसण्यापेक्षा त्यांनी १५,००० डॉलर मोजून ते नाव वापरायचा हक्क घेतला.

इतकी सावध माणसं, पण चिप्सना मात्र नुसते आकडे देत राहिली. ८०८६, २८६, ३८६, ४८६. इथेच घोटाळा झाला. आयबीएमला एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नव्हतं, म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला आणि एएमडीही तशाच चिप्स बनवू लागली. १९८५ च्या ३८६ चं डिझाईन मात्र इंटेलने दिलं नाही. मग एएमडीने स्वतःच जुळवाजुळव करून १९९१ मध्ये एएम३८६ बाजारात आणली. इंटेल कोर्टात गेली: '३८६' आमचं! कोर्टाने सांगितलं, नाही. ३८६ हे आता एका प्रकारच्या चिपचं सर्वसाधारण नाव झालंय, ते कोणीही वापरू शकतं.

पटतंय ना? माझे बाबा अजूनही सांगतात, "आमच्या ऑफिसात फोर-एट-सिक्स आला तेव्हा..." कोणत्या कंपनीचा, ते त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं.

एवढी ठेच लागल्यावर इंटेल शहाणी झाली. त्याच वर्षी 'इंटेल इनसाइड' सुरू केलं आणि पुढच्या चिपला ५८६ म्हणायचंच नाही असं ठरवलं. लेक्सिकॉन नावाच्या, नावं शोधून देणाऱ्या कंपनीने शब्द दिला पेंटियम. ग्रीक 'पेंटा' म्हणजे पाच, आपल्या 'पंच'चा चुलतभाऊच, आणि शेपटीला सोडियम-कॅल्शियमसारखं 'इयम'. अर्थाचा नुसता वास, पण शब्द कोऱ्या पाटीसारखा. १९९३ मध्ये चिप आली, आणि एएमडीला आपल्या चिपचं नाव के५ ठेवावं लागलं. पेंटियम हे नाव तीसेक वर्षं चाललं. २०२३ पासून लॅपटॉपच्या चिप्सवरून ते इंटेलने स्वतःच काढून घेतलं. आणि गंमत बघा, लिनक्सच्या पॅकेजमध्ये दिसणारं आय५८६, आय६८६ हे मात्र आकडेच! ते कोणाचेच नाहीत ना.

आपल्याकडेही नियम असाच आहे. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात, जे नाव फक्त मालाचं किंवा सेवेचं वर्णन करतं ते साधारणपणे नोंदवून मिळत नाही. वर्षानुवर्षं वापरून लोकांच्या डोक्यात ते तुमचंच म्हणून बसलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि कंपनी रजिस्टर झाली म्हणजे ट्रेडमार्क मिळाला, असंही नाही. ती दोन वेगळी कामं आहेत. माझ्या मित्रांना हेच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शोधाशोध करेपर्यंत मलाही नव्हतं.

नाव वाचून काम कळतं, तेव्हा ते नाव त्या धंद्यातल्या सगळ्यांच्याच उपयोगाचं असतं. म्हणूनच ते एकट्या तुमचं होत नाही.

असो. मित्रांनी बोर्डाची ऑर्डर थांबवलीये. आता रोज रात्री ग्रुपवर विचित्र शब्द येऊन पडतात, आणि मी प्रत्येक वेळी एकच विचारतो, "आधी ट्रेडमार्कच्या यादीत शोधलंत का?"