एका वर्षाचा ताळेबंद आणि तेलाचे मोल

वसईचे नाव जमिनीवर किल्ल्यामुळे आणि सुकेळ्यांमुळे प्रसिद्ध आहे. पण ते समुद्राच्या तळाशीही कोरलेले आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. इंग्रज आपल्या वसईला ‘बसीन’ म्हणत. मुंबईच्या पश्चिमेला खोल समुद्रात १९७६ साली वायूचा जो मोठा साठा सापडला, त्याला तेल व नैसर्गिक वायू आयोगाने हेच नाव दिले. १९८८ पासून बसीनचा वायू हजिऱ्याकडे वाहू लागला. पुढे त्याच समुद्रातल्या एका क्षेत्राला ‘वसई ईस्ट’ असे नाव मिळाले. आम्हां कामगारांच्या लेखी वसई ईस्ट म्हणजे स्टेशनाच्या पूर्वेचे वालीव, सातिवली आणि गोखिवऱ्याचे कारखाने. एकाच नावाची ही दोन ठिकाणे. एकात घाम गळतो, दुसऱ्यातून तेल निघते. या दोहोंचा हिशेब एकाच मापाने कसा करता येतो, हे आज सांगावयाचे आहे.

तेलकंपनीच्या भागाचे खरे मोल काय? प्रश्न दलालांचा दिसतो, परंतु तो आपलाही आहे. आपल्या भविष्यनिर्वाह निधीत नव्याने गुंतवावयाच्या रकमेतला काही हिस्सा ऑगस्ट २०१५ पासून शेअर बाजारातील निधींत जातो. आरंभी तो शेकडा ५ होता. २०१७ मध्ये तो शेकडा १५ झाला. त्या निधींत तेल महामंडळाचे भागही आले. म्हणजे वालीवच्या यंत्रावर उभा असलेला कामगार, त्याला कोणी न विचारता, बसीनच्या विहिरींचा अल्पसा भागीदार झाला. ज्याच्या मालमत्तेचा भाव रोज बाहेरचे लोक ठरवितात, त्याने तो भाव कसा ठरतो हे जाणून घ्यावयास नको काय?

आता तेलाच्या धंद्याचा स्वभाव पाहू. १९७३ च्या ऑक्टोबरपूर्वी पिंपाला सुमारे ३ डॉलर पडणारे तेल जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरांवर गेले. त्याच फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधून काढले आणि मे १९७६ मध्ये ते प्रत्यक्ष निघू लागले. १९८६ साली भाव १० डॉलरांच्या आसपास कोसळला, १९९८ च्या अखेरीस पुन्हा तेथेच आला, जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरांपर्यंत चढला, आणि २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला. विहीर तीच, माणसे तीच, यंत्रे तीच. नफा मात्र भरती-ओहोटीसारखा. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उभा राहून जो ‘समुद्र एवढाच’ असे म्हणेल, त्याला अर्नाळ्याचा लहान मुलगाही हसेल. बाजारात मात्र शहाणीसुरती माणसे हेच करतात. ती एका वर्षाच्या नफ्याने भावाला भागतात आणि भाग स्वस्त की महाग ते सांगून मोकळी होतात.

एका वर्षाच्या ताळेबंदाची ही खोड आम्हांला नवी नाही. पगारवाढीच्या वाटाघाटीत मालक नेहमी एकच वही उघडतो, आणि ती तोट्याच्या वर्षाची असते. एका कारखान्यात व्यवस्थापकाने आमच्यापुढे तीन दिवस तीच वही धरली होती. मागची सहा वर्षे मागितली तेव्हा चौथ्या दिवशी बोलणे सुरू झाले. कायद्यानेही हे ओळखले होते. १९६५ च्या बोनस कायद्यात एका वर्षाची शिल्लक किंवा तूट पुढील चार वर्षांपर्यंत ओढून नेण्याची तरतूद होती. चांगल्या वर्षाने वाईट वर्षाला हात द्यावा, हेच तिचे तत्त्व.

हेच तत्त्व भागांच्या मोलाला लावणारे दोन अध्यापक अमेरिकेत होऊन गेले. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ साली, महामंदीच्या राखेत बसून, रोख्यांच्या पारखीवर ग्रंथ लिहिला. एका वर्षाच्या नफ्यावर विसंबू नका. निदान पाच, शक्यतो सात किंवा दहा वर्षांची सरासरी घ्या, असा त्यांचा सल्ला. पुढे १९८८ मध्ये जॉन कॅम्बेल आणि रॉबर्ट शिलर यांनी त्यात एक सुधारणा केली. दहा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया यांची बेरीज करणे म्हणजे पायलीत शेर मिसळण्यासारखे आहे. म्हणून जुन्या प्रत्येक वर्षाचा नफा महागाईच्या निर्देशांकाने आजच्या पैशांत आणावा आणि मगच सरासरी काढावी. शिलर यांना २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण हा निर्देशांक आपल्या माणसांना शिकविण्यासाठी अमेरिकेपर्यंत जावयास नको. मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कचेरी स्थापन केली आणि गिरणी-कामगाराच्या राहणी-खर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. ज्वारी-तांदळाचा, कापडाचा आणि खोलीच्या भाड्याचा हा आकडा पुढे महागाई भत्त्याचा कणा झाला. तो चुकीचा काढला जातो या संतापाने ऑगस्ट १९६३ मध्ये मुंबईच्या कामगारांनी शहर बंद केले, प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली आणि निर्देशांकातील दोष मान्य झाले. आकड्यासाठी रस्त्यावर उतरणारा कामगारवर्ग फार थोड्या देशांत झाला असेल!

आज सिमल्याची श्रम कचेरी हा आकडा काढते. तिचे पाये बदलत गेले: १९६०, १९८२, २००१, २०१६. एका पायावरून दुसऱ्यावर येण्याचे गुणक ४.९३, ४.६३ आणि २.८८. तिघांचा गुणाकार सुमारे ६६ होतो. अर्थात् १९६० च्या पायावरील एक रुपया २०१६ च्या पायावर सुमारे ६६ रुपयांच्या बरोबरीचा. खरेदीची टोपली दरम्यान बदलली, तेव्हा हे माप स्थूल मानावे. परंतु भत्त्याला चालणारे माप भांडवलाला का चालू नये?

एका वर्षाकडे पाहून केलेला सौदा किती महाग पडतो, याचे उदाहरण आपल्या ओळखीच्या नावातच आहे. बर्मा-शेल कंपनीतील ‘बर्मा’ म्हणजे १८८६ साली ग्लासगोत निघालेली बर्मा ऑइल. ब्रिटिश पेट्रोलियमचे शेकडा वीसहून अधिक भाग तिच्याजवळ होते आणि त्यांच्या भरवशावर तिने कर्ज काढले होते. १९७४ मध्ये तेलवाहू जहाजांचा धंदा बुडाला, लंडनचा बाजार कोसळला आणि तारणच अपुरे पडले. जानेवारी १९७५ मध्ये, बाजार तळाशी असताना, बँक ऑफ इंग्लंडने ते भाग सुमारे २.३० पौंड दराने, एकूण १७.९ कोटी पौंडांस घेतले. जून १९७७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याच कंपनीचे काही भाग ८.४५ पौंडांस विकले. जमिनीखालचे तेल अडीच वर्षांत पावणेचारपट झाले नव्हते. विकणाऱ्याला थांबण्याची सोय नव्हती, एवढेच. त्याच बर्मा-शेलचा येथील कारभार भारत सरकारने जानेवारी १९७६ मध्ये ताब्यात घेतला आणि तिचेच पुढे भारत पेट्रोलियम झाले.

आता आपल्या महामंडळाचा हिशेब मांडू. उपकंपन्या सोडून २०२०-२१ साली त्याचा निव्वळ नफा ११,२४६ कोटी होता. पुढच्याच वर्षी तो ४०,३०६ कोटी झाला. भागांची संख्या सुमारे १,२५८ कोटी. भागाचा भाव १०० रुपये धरला, तर पहिल्या वर्षाच्या नफ्याच्या तो ११ पट, दुसऱ्याच्या ३ पट. एकच वस्तू बारा महिन्यांत महागही ठरली आणि मातीमोलही! २०१२-१३ ते २०२१-२२ या दहा वर्षांची साधी सरासरी सुमारे २०,६०० कोटी येते. प्रत्येक वर्ष सिमल्याच्या निर्देशांकाने २०२१-२२ च्या रुपयांत आणले, तर आमच्या हिशेबाने ती सुमारे २६ हजार कोटी होते, आणि १०० रुपये हा भाव पाचपटीच्या किंचित आत बसतो.

या हिशेबाने आणखी एक भ्रम फिटतो. ४०,३०६ कोटींचा नफा उच्चांकी म्हणून गाजला. पण २०१२-१३ चे २०,९२६ कोटी त्याच रुपयांत सुमारे ३५ हजार कोटी होतात. दुप्पट दिसणारी वाढ पंधरा-सोळा टक्क्यांवर येते. शिवाय त्या उच्चांकात कराचा पर्याय बदलल्यामुळे एकदाच मिळालेला लाभही होता. आमच्या पगारवाढीचे आकडे असेच फुगवून दाखविले जातात, म्हणून ही नजर आम्हांला सवयीची आहे.

तथापि सरासरी म्हणजे देववाणी नव्हे. तिला तीन मर्यादा आहेत. पहिली, विहीर आटते. कापडगिरणीला नवे माग बसविता येतात. मुंबई हायचे तेल एकदा उपसले की परत येत नाही. गेल्या दहा वर्षांची कमाई पुढील दहा वर्षे मिळेलच असे नाही. दुसरी, सरकारचा हात. डिझेल, रॉकेल आणि गॅस स्वस्त ठेवण्यासाठी या महामंडळाला अनेक वर्षे तेल सवलतीने द्यावे लागले. एकट्या २०१३-१४ मध्ये हा भार ५६,३८४ कोटी होता. गरिबाच्या चुलीसाठी तो भार घेणे आम्ही गैर मानत नाही. मात्र त्या वर्षांचा नफा विहिरीची ताकद दाखवीत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तिसरी, नफ्याचा विनियोग. जानेवारी २०१८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचा शेकडा ५१.११ हिस्सा या महामंडळाने ३६,९१५ कोटींस घेतला. सरकारच्या एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात गेला. विहिरीत थेंबाचीही भर पडली नाही.

मार्च २००४ मध्ये सरकारने महामंडळाचा शेकडा १० हिस्सा सुमारे ७५० रुपये दराने विकला. पुढील बोनस भाग आणि विभागणी धरता त्या एका भागाचे २०१६ अखेर ९ भाग झाले. म्हणजे मूळ दर आजच्या भागाला ८३ रुपये. ऑक्टोबर २०२० मध्ये भाव ७० च्याही खाली होता, आणि दरम्यान निर्देशांक तिप्पट झाला होता. मधल्या काळात लाभांश मिळाला हे खरे. आम्ही मुद्दाम वाईट वर्ष निवडले, असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे! ज्या बोटाने तो ते वर्ष दाखवील, त्याच बोटाने त्याने सरकारी हिश्श्याच्या विक्रीचे वर्षही दाखवावे, एवढीच आमची मागणी.

कारण तसेच घडू पाहत होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत पेट्रोलियममधील सरकारचा शेकडा ५२.९८ हिस्सा विकावयाचे ठरले. मार्च २०२० मध्ये इच्छुकांना बोलावणे गेले आणि पुढच्याच महिन्यात तेल कोसळले. बहुतेक इच्छुक मागे सरल्यामुळे मे २०२२ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. बर्मा ऑइलला थांबता आले नाही. आपण थांबलो, तेही योगायोगाने. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण योगायोगावर सोपवून चालणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. लोकांच्या मालकीचा तेलाचा हिस्सा विकताना किंवा कामगारांच्या निधीतून विकत घेताना, दहा वर्षांचा नफा आजच्या रुपयांत मांडून तो जाहीर करावा. शेजारी विहिरीत किती तेल उरले आणि सरकारने किती भार लादला हेही लिहावे. हे गणित तिसऱ्या इयत्तेपलीकडचे नाही. ज्या निर्देशांकासाठी आमच्या आधीच्या पिढीने शहर बंद ठेवले, तो महागाई भत्त्यापुरताच वापरावा असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? कामगाराच्या भाकरीला लावलेले माप मालकाच्या, सरकारच्या आणि बाजाराच्याही नफ्याला लावू या.