बेटावर राहिलेला माणूस

२०२४ च्या जानेवारीत एका रात्री कोल्हापूरहून दादाचा फोन आला. जेवणं झाली का वगैरे काही नाही, थेट "अरे, जीजी रीवा गेला." आमच्या घरात हे असंच चालतं. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड पेठेपेठेत आहे, दादाचं ते थेट इटलीपर्यंत पोचलंय, एवढंच. मला रीवा म्हणजे १९७० च्या वर्ल्ड कपमधे पश्चिम जर्मनीला ४-३ हरवताना गोल मारणारा डावखुरा खेळाडू, इतपतच माहिती. दादा म्हणाला, "ते सोड, त्याचं काल्यारी वाच." वाचलं. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा सगळा पसारा.

काल्यारी ही सार्डिनिया बेटाची राजधानी. १९६० च्या आसपास मुख्य भूमीवरच्या इटालियन माणसाच्या मनात या बेटाचं चित्र म्हणजे मेंढपाळ, खाणी आणि खंडणीसाठी माणसं पळवणारे दरोडेखोर. सरकारी माणसाची तिथे बदली झाली की ती शिक्षा समजत. आपल्याकडे 'गडचिरोलीला पाठवीन' म्हणतात, तसंच काहीसं. आणि बेटावरची तरुण मुलं? ती बोटीत बसून तुरीन-मिलानच्या कारखान्यांत जात, नाहीतर थेट जर्मनीला. घरटी एखादा तरी बाहेर, अशी गत.

रीवा मात्र उलट्या दिशेने आला. तो उत्तरेतल्या माज्जोरे तलावाकाठच्या लेजुनो गावचा. नऊ वर्षांचा असताना वडील कारखान्यातल्या अपघातात गेले, मग वसतिगृहातले कडक दिवस, पुढे आईही लवकर गेली. १९६३ मधे, अठराव्या वर्षी, काल्यारीने त्याला लेन्यानो या छोट्या क्लबकडून विकत घेतलं. काल्यारी तेव्हा दुसऱ्या श्रेणीत. विमानातून रात्री खाली मिणमिणते दिवे दिसले तेव्हा आपण आफ्रिकेत आलो की काय असं वाटल्याचं त्याने पुढे सांगितलंय. फार राहायचा विचार नव्हताच. पण १९६४ मधे क्लब पहिल्यांदा वरच्या श्रेणीत, म्हणजे सेरी आ मधे, गेला आणि रीवाचा मुक्काम लांबत गेला.

आता तो १९६९-७० चा हंगाम. प्रशिक्षक होता मान्लिओ स्कोपिन्यो. त्याला 'तत्त्वज्ञ' म्हणत. त्याची एक गोष्ट खेळाडूच सांगत आलेत. सामन्याच्या आधी रात्री उशिरापर्यंत काहीजण एका खोलीत पत्ते कुटत आणि सिगारेटी ओढत बसले होते. अचानक दार उघडून स्कोपिन्यो आत. सगळ्यांचे चेहरे पडले. हा शांतपणे खुर्ची ओढून बसला आणि विचारलं, "मी ओढली तर चालेल ना?" थोड्या वेळात सगळे मुकाट्याने झोपायला गेले म्हणे. पण हाच शांत माणूस पालेर्मोत हरल्यावर लाइन्समनला असं काही बोलला की त्याच्यावर कित्येक महिन्यांची बंदी आली. गंमत आहे की नाही?

त्या वर्षी क्लबने बोनिनसेन्या हा आपला मोठा खेळाडू इंटरला देऊन टाकला आणि बदल्यात डोमेंगिनी, गोरी आणि पोली असे तिघे घेतले. गोलकीपर आल्बेर्तोसी. मधल्या फळीत ब्राझीलचा नेने. बचाव करणारा तोमासिनी जखमी झाला तर मधल्या फळीतल्या चेराला मागे आणलं, आणि तो तिथे इतका रुळला की वर्ल्ड कपलाही त्याच जागी खेळला. आकडे बघा. ३० सामने, १७ विजय, ११ बरोबरी, फक्त २ हार. अख्ख्या हंगामात गोल खाल्ले ११! मारले ४२, आणि त्यातले २१ म्हणजे बरोब्बर निम्मे एकट्या रीवाचे.

सगळ्यात अवघड दिवस १५ मार्च १९७०. सामना तुरीनला, पाठलाग करणाऱ्या युव्हेंटसशी. बचावपटू निक्कोलाईने आपल्याच जाळ्यात गोल केला (ही त्याची ख्यातीच होती, बिचारा). रीवाने बरोबरी केली. मग युव्हेंटसला पेनल्टी. आल्बेर्तोसीने ती अडवली, पण रेफरी लो बेल्लोने ती परत मारायला लावली आणि या वेळी गोल झाला. शेवटी काल्यारीलाही पेनल्टी मिळाली, रीवाने ती मारली, २-२. त्या एका गुणावर त्यांनी आघाडी टिकवली.

१२ एप्रिलला घरच्या आम्सिकोरा मैदानावर बारीला २-० हरवलं. आधी रीवाचा हेडर, मग अगदी शेवटी गोरी. त्याच दिवशी युव्हेंटस लाझिओकडून हरलं आणि दोन सामने बाकी असतानाच विजेतेपद नक्की झालं. रोमच्या दक्षिणेकडच्या क्लबने इटलीची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. काल्यारीला ते पुन्हा कधी जमलेलं नाही.

हे सगळं परीकथेसारखं वाटतं. पण तसं ते नव्हतं. बेटावर तेव्हा तेल आणि रसायनांचे मोठे कारखाने उभे राहत होते आणि क्लबच्या मागे त्या उद्योगांचा पैसाही होता. शिवाय संघातले बहुतेक खेळाडू बेटाबाहेरचे. म्हणजे सार्डिनियाची पोरं तुरीनला मोटारी बनवत होती आणि बाहेरून आलेली पोरं सार्डिनियासाठी खेळत होती!

पण नेमकं हेच मला हलवून गेलं. काल्यारीचा सामना उत्तरेत कुठे असला की कारखान्यांत कामाला गेलेले सार्डिनियन लोक तिथे जमत. स्टेडियममधे बाकीचे 'मेंढपाळ', 'दरोडेखोर' म्हणून ओरडत. रीवाने पुढे अनेकदा सांगितलं की त्या शिव्या आणि ती माणसं बघूनच आपण इथले झालो. सोडून गेलेल्यांची लाज एका परक्या पोराने अंगावर घेतली, असं मला वाटतं.

नंतर त्याला हवं ते मिळालं असतं. युव्हेंटसने १९७३ च्या सुमारास प्रचंड रक्कम देऊ केली, क्लबही विकायला तयार होता. रीवाच नाही म्हणाला. इटलीकडून खेळताना त्याचे दोन्ही पाय मोडले, एकदा १९६७ मधे आणि एकदा विजेतेपदानंतर काही महिन्यांनीच. राष्ट्रीय संघासाठी ४२ सामन्यांत ३५ गोल हा त्याचा विक्रम आहे. पण लीगचं विजेतेपद फक्त एकच, कारण तो हलला नाही. १९७६ पर्यंत तिथेच खेळला, नंतर तिथेच राहिला आणि २२ जानेवारी २०२४ ला तिथेच गेला. अंत्ययात्रेला हजारो लोक होते.

आता खरं सांगतो. मी बावीस वर्षं बंगळुरात आहे. दादा कोल्हापुरात, बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानात. कोणी विचारलं की मी सहज म्हणायचो, "भाऊ मागे राहिला." आई दोन वर्षं अंथरुणाला होती तेव्हा मी सुट्टीत येऊन फळं आणायचो आणि तो रोज तिची कूस बदलायचा. तरी माझ्या तोंडात शब्द 'मागे' हाच. रीवाबद्दल वाचताना मात्र 'तो मागे राहिला' असं एकदाही मनात आलं नाही. 'तो राहिला' असंच आलं.

हेही खरं की रीवा स्वतःचं गाव सोडूनच आला होता. त्यामुळे सोडून जाणं वाईट असं काही मला म्हणायचं नाही, नाहीतर मलाच परत यावं लागेल! पण निदान शब्द तरी नीट वापरावा.

असो. दादा, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. फोनवर बोलायला जमलं नसतं, म्हणून इथे लिहिलं. दिवाळीत येतोय. तेव्हा त्या तुरीनच्या पेनल्टीवर सविस्तर भांडू.