विद्यार्थ्यांची सेवामंडळे आणि बालआरोग्याचा निधी

ऑक्टोबरच्या अखेरच्या संध्याकाळी सोंगे घेऊन दारोदार हिंडणाऱ्या अमेरिकन मुलांपैकी एखाद्याच्या हातात चॉकलेटांच्या पिशवीबरोबर पुठ्ठ्याची एक नारिंगी पेटीही असते. दार उघडणाऱ्याने खाऊ द्यावा आणि जमल्यास काही नाणी त्या पेटीत टाकावीत, एवढीच अपेक्षा. या प्रथेचा आरंभ १९५० साली फिलाडेल्फियाच्या परिसरात झाला. मेरी एमा अ‍ॅलिसन या शिक्षिका आणि त्यांचे पती क्लाइड अ‍ॅलिसन हे धर्मोपदेशक. त्यांच्या सूचनेवरून मुलांनी दुधाचे रिकामे खोके हाती धरून 'युनिसेफ'साठी पैसे मागितले. पहिल्या वर्षी जमले १७ डॉलर. संयुक्त राष्ट्रांचा हा बालनिधी स्थापन होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

गणेशोत्सवाची वर्गणी मागत वाडीवस्तीतून फिरलेल्या पिढीला या दृश्यात नवल वाटण्याचे कारण नाही. फरक आहे तो पुढच्या वाटेत. आपल्या वर्गणीचा मांडव डोळ्यांसमोर उभा राहत असे. नारिंगी पेटीतले नाणे मात्र ज्या मुलापर्यंत जाते ते देणाऱ्याला किंवा मागणाऱ्याला कधीच दिसत नाही. न दिसणाऱ्या मुलासाठी शाळकरी वयात पैसे गोळा करायचे आणि त्यांचा चोख हिशेब ठेवायचा, हे काम अमेरिकेतील विद्यार्थ्यांची सेवामंडळे शंभर वर्षे करीत आली आहेत. येथील मराठी घरांतील मुले नववीत गेली की यांपैकी एखाद्या मंडळाचे नाव जेवणाच्या टेबलावर निघतेच. म्हणून त्यांची ओळख करून घेणे उपयोगाचे आहे.

मंडळे कोणती आणि ती कोण चालवते

सर्वांत जुने आणि मोठे मंडळ म्हणजे 'की क्लब'. १९१५ साली डेट्रॉइट येथे स्थापन झालेल्या 'किवानिस' या प्रौढांच्या सेवासंस्थेच्या आश्रयाने १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो हायस्कूलमध्ये त्याची सुरुवात झाली. अर्धशतकभर ते केवळ मुलांचे होते. मुलींना प्रवेश मिळाला १९७७ साली. आश्चर्य असे, की आश्रयदात्या किवानिसने स्त्रियांना सभासद करून घेतले त्यानंतर दहा वर्षांनी. कॉलेजातील विद्यार्थ्यांसाठी याच परिवाराचे 'सर्कल के' आहे. 'लायन्स'च्या आश्रयाने १९५७ साली पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅबिंग्टन हायस्कूलमध्ये 'लिओ क्लब' सुरू झाला, तर 'रोटरी'चा 'इंटरॅक्ट' १९६२ साली फ्लोरिडातील मेलबर्न हायस्कूलमध्ये. इंटरॅक्ट आणि लिओ ही नावे महाराष्ट्रातील शाळांमधूनही परिचयाची आहेत.

शिक्षक मार्गदर्शक असतो, प्रौढ संस्थेचा एखादा प्रतिनिधी बैठकीला येऊन बसतो. पण अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार हे सारे विद्यार्थीच. की क्लबमध्ये तर शाळेच्या वर विभाग, विभागाच्या वर प्रांत आणि त्याहीवर आंतरराष्ट्रीय मंडळ अशी उतरंड आहे, आणि प्रत्येक पायरीवरचा निवडून आलेला पदाधिकारी हायस्कूलचाच विद्यार्थी असतो. सोळा वर्षांची मुलगी तीस-चाळीस शाळकरी सभासदांसमोर उभी राहून 'बेक सेल'मध्ये आलेले पैसे आणि पिठा-साखरेवर झालेला खर्च वाचून दाखवते, आणि कुणीतरी उठून विचारतो की गेल्या महिन्याच्या आकड्याशी हे जुळत का नाही. या मंडळांचे खरे शिक्षण प्रस्तुत लेखकाच्या मते त्या प्रश्नात आहे, प्रमाणपत्रात नाही.

प्रमाणपत्राचा मोह मात्र मोठा आहे, हे नाकारून चालणार नाही. मेरीलँड राज्यात पदवीपूर्वी ७५ तासांची सेवा प्रत्येक विद्यार्थ्यास सक्तीची आहे, वॉशिंग्टन शहरात १०० तासांची. कॉलेजच्या प्रवेशअर्जात सेवेचे रकाने असतात आणि ते भरण्याची घाई मुलांपेक्षा पालकांनाच अधिक असते. मुलाने पन्नास घरे हिंडून पन्नास डॉलर आणण्याऐवजी वडिलांनी पन्नास डॉलरचा धनादेश फाडून दिला, की रक्कम तीच भरते आणि मंडळाचा हेतू तेवढा बुडतो.

एक रोग, एक हिशेब

की क्लबचे काम पाहताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. 'मुलांच्या आरोग्यासाठी' असे मोघम आवाहन मुले करीत नाहीत. एका रोगाचे नाव घेतले जाते, त्याचा उपाय सांगितला जातो आणि त्या उपायाची किंमत सांगितली जाते.

१९९४ साली किवानिसने युनिसेफबरोबर आयोडीनच्या कमतरतेविरुद्ध मोहीम हाती घेतली आणि साडेसात कोटी डॉलरचे लक्ष्य ठेवले. हॅलोवीनच्या पेट्यांशी की क्लबची औपचारिक सांगड घातली गेली तीही त्याच सुमारास. आयोडीन मिळाले नाही तर गळ्याशी गलगंड होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून वाईट परिणाम डोळ्यांना दिसत नाही: गर्भवतीच्या आहारात आयोडीन नसेल तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ती पुढे भरून निघत नाही. उपाय मिठाचा. रोजच्या मिठात आयोडीन मिसळले की काम भागते. भारताला हा धडा आपल्याच भूमीवर मिळालेला होता. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंडाचे प्रमाण कमी होते हे दाखवले, आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

दुसरी मोठी मोहीम २०१० साली जाहीर झाली, ती माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताविरुद्ध. धनुष्यासारखे शरीर वाकवणारा हा रोग आपल्या भाषेने नावातच चितारला आहे. नवजात बाळाला तो बहुधा नाळेवाटे होतो. घरच्या बाळंतपणात विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापली, जखमेवर राख वा शेण लावले, की मातीतील जंतूंना वाट मिळते. पाच-सहा दिवसांचे बाळ दूध ओढेनासे होते, अंग ताठते, आणि प्रकाशाने, आवाजाने, आईच्या स्पर्शानेही झटके येतात. म्हणजे ज्या क्षणी त्याला जवळ घ्यावेसे वाटते त्याच क्षणी आईला हात मागे घ्यावा लागतो. उपचाराविना असे बाळ वाचणे दुर्मीळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ साली जगात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बालके या रोगाने दगावली.

आईला लस दिली की तिचे संरक्षण बाळात उतरते. आवश्यक त्या मात्रा एका स्त्रीपर्यंत पोहोचवण्याचा खर्च या मोहिमेत सुमारे १ डॉलर ८० सेंट सांगितला जात असे, आणि एकूण लक्ष्य होते ११ कोटी डॉलर. शाळेतल्या मुलाला ११ कोटी हा आकडा भिंतीसारखा वाटतो. १ डॉलर ८० सेंट मात्र त्याला समजतात. नारिंगी पेटीत नऊ डॉलर जमले तर पाच माता, हा हिशेब तो स्वतः करू शकतो.

देवीसारखा धनुर्वात पृथ्वीवरून पुसून टाकता येत नाही, कारण त्याचे बीजाणू मातीत राहतातच. म्हणून देशातील प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाला एकाहून कमी बाधित बाळ, ही निर्मूलनाची व्याख्या ठरवली गेली. भारताने ती कसोटी २०१५ साली पार केली. ते श्रेय अर्थातच मुख्यतः भारतातील लसीकरणाचे, परिचारिकांचे आणि दवाखान्यातील बाळंतपणे वाढवणाऱ्या योजनांचे. शाळकरी पेट्यांचा निधी फूल ना फुलाची पाकळी, आणि तो अनेक देशांत विभागला गेला.

इंटरॅक्टची मुले पोलिओसाठी निधी जमवतात तेव्हा काही ठिकाणी एक गंमत करतात: डॉलर देणाऱ्याची करंगळी जांभळ्या रंगात बुडवतात. पल्स पोलिओच्या रविवारी डोस पाजल्यावर बाळाच्या करंगळीवर शाईची खूण होत असे, तिची ही नक्कल. ओहायोतल्या शाळेच्या उपाहारगृहात ती खूण पाहून एखादी मराठी आई मनातल्या मनात सोलापूरच्या बूथवर जाऊन पोहोचली, तर नवल नाही.

नृत्याच्या रात्री

कॉलेजात पेटीची जागा नृत्य घेते. पेन स्टेट विद्यापीठातील 'थॉन' १९७३ साली सुरू झाला; पहिल्या वर्षी तीस तासांच्या नृत्यातून दोन हजारांहून थोडे अधिक डॉलर जमले. आता तो ४६ तासांचा असतो. नाचणाऱ्यांनी या काळात बसायचे नाही आणि झोपायचे नाही. २०२४ साली त्यातून सुमारे १ कोटी ६९ लाख डॉलर उभे राहिले. हा पैसा १९७७ पासून 'फोर डायमंड्स' या निधीला जातो. चौदाव्या वर्षी कर्करोगाने गेलेल्या ख्रिस्तोफर मिलार्ड याच्या आईवडिलांनी तो १९७२ साली उभारला. धैर्य, शहाणपण, प्रामाणिकपणा आणि बळ या चार हिऱ्यांच्या शोधात निघालेल्या शूराची गोष्ट त्या मुलाने लिहिली होती, तिच्यावरून नाव पडले. हर्शी येथील बालरुग्णालयात उपचार घेणाऱ्या कर्करोगग्रस्त मुलांच्या खर्चातील विम्याने न दिलेला भाग हा निधी उचलतो आणि उरलेल्यातून संशोधनाला साहाय्य करतो.

इंडियाना विद्यापीठाच्या नृत्याची कथा अधिक कडू आहे. रायन व्हाइट या मुलाला हिमोफिलिया होता. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या रक्तघटकातून त्याला एड्सची लागण झाली, आणि १९८५ मध्ये शाळेने त्याला वर्गात येऊ देण्यास नकार दिला. न्यायालयात झगडून तो परतला. एप्रिल १९९० मध्ये, अठराव्या वर्षी, इंडियानापोलिसच्या राइली बालरुग्णालयात त्याचे निधन झाले. त्याच वर्षी तो इंडियाना विद्यापीठात दाखल होणार होता. ज्यांच्या वर्गात तो बसला असता त्या विद्यार्थ्यांनी १९९१ साली त्याच्या स्मरणार्थ नृत्य सुरू केले, आणि निधी राइली रुग्णालयाला दिला. देशभरातील शेकडो विद्यापीठांनी आणि शाळांनी पुढे हा प्रघात उचलला.

या उत्साहाला गालबोटही लागले आहे. थॉनसाठी विद्यार्थी आठवड्याच्या सुटीत मोटारी घेऊन दूरदूरच्या गावी जात आणि चौकांत, दुकानांबाहेर डबे घेऊन उभे राहत. अशा प्रवासांतील अपघातांत २०११ आणि २०१५ साली एकेक विद्यार्थिनी मृत्युमुखी पडली. त्यानंतर ही प्रथा टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. निधी घटेल अशी भीती अनेकांना होती. मुले ऑनलाइन आवाहनांकडे वळली आणि निधी पुढेही वाढत गेला. आपले मूल निधी जमवण्यास कुठे, कोणाच्या गाडीतून आणि किती वाजता जाते आहे, हे विचारण्यात पालकांनी संकोच बाळगू नये.

पैशाची वाट

देणगी कोणाच्या नावे जाते हे आधी पाहावे. शाळेतील मंडळ स्वतः धर्मादाय संस्था असतेच असे नाही. अंतिम संस्था '५०१ सी ३' या कलमाखाली नोंदलेली असेल तरच अमेरिकेतील देणगीदाराला करसवलत मागता येते, आणि २५० डॉलर वा अधिक रकमेसाठी लेखी पोच लागते. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतःची घालतात; त्याचा अर्ज भरायला आपण विसरतो. पुण्यातील मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून भाचीच्या नृत्यासाठी पैसे भरले, तर तिला भारतात ८० जी कलमाची वजावट मिळणार नाही.

उलट दिशेची वाट अधिक अवघड आहे, आणि आपल्या मुलांचे मन बहुधा तिकडेच धावते. मेळघाटातील कुपोषित बालकांविषयी ऐकलेली मुलगी शाळेत भेळेचे टेबल मांडते, तीनशे डॉलर जमवते आणि ते तिथल्या एखाद्या संस्थेला पाठवू पाहते. भारतातील परदेशी देणगी नियमन कायद्यानुसार अमेरिकेतील विद्यार्थी मंडळ हा 'परदेशी स्रोत' ठरतो. घेणाऱ्या संस्थेकडे त्या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलीच पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, आणि नोंदणी असलेली संस्था तो दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. ओळखीच्या डॉक्टरांच्या व्यक्तिगत खात्यात रक्कम टाकून देऊ, हा सुचणारा सोपा मार्ग त्या डॉक्टरांनाच अडचणीत आणतो. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. मात्र तीच व्यक्ती अमेरिकन नागरिक झाली की मानली जाते, मग हाती ओसीआय कार्ड असो वा नसो. म्हणून भेळेचे टेबल मांडण्यापूर्वी संस्थेला पत्र पाठवून तिचा नोंदणी क्रमांक मागवावा. नोंदणी नसेल तर भारतात काम करणाऱ्या अमेरिकेतील एखाद्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेची निवड करावी.

नव्या सभासदांसाठी बहुतेक शाळांत मंडळांची टेबले सप्टेंबरच्या आरंभी मांडली जातात. जागतिक पोलिओ दिन २४ ऑक्टोबरला येतो, हॅलोवीन त्यानंतर आठवड्याने. पेन स्टेटचे नृत्य फेब्रुवारीत असते. रविवारी दुपारी चार वाजता ते थांबते आणि जमलेल्या रकमेचा एकेक आकडा विद्यार्थी डोक्यावर धरून उचलतात.