साठ टक्के आणि लोखंडाचा गोळा



मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. इंजिनिअरिंगचे मार्क आणि नोकरी या विषयावर मी कशाला बोलतोय, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. त्याचं कारण आधीच सांगतो, कारण त्यात माझा स्वतःचा हात आहे.

निवृत्तीनंतर काही वर्षं मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात व्यावसायिक नीतिशास्त्र शिकवायला जात असे. तिसऱ्या वर्षाचा विषय, शंभर मार्कांचा पेपर. एका मुलाला मी ४१ दिले. उत्तरं त्रोटक होती, ते मार्क चुकले असं मी आजही म्हणणार नाही. काही महिन्यांनी तो मुलगा घरी आला. त्याची सरासरी ५९.७ झाली होती आणि कॅम्पसला आलेल्या कंपनीची अट साठची होती. त्यामुळे त्याला कंपनीच्या परीक्षेला बसूच दिलं नाही. मी पंधरा मार्क जास्त दिले असते, तर तो बसला असता. पुढे त्याच्या विभागातल्या शिक्षकांकडून कळलं, की वर्कशॉपमधलं बंद पडलेलं लेथ मशीन याच मुलाने चालू केलं होतं. त्याने माझ्याकडे मार्क मागितले नाहीत. एवढंच विचारलं, "सर, नीतिशास्त्रात ४१ म्हणजे मला मशीन येत नाही, असं होतं का?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज प्रयत्न करतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१८५४ हे साल लक्षात ठेवा. डलहौसीच्या काळात हिंदुस्थानात सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं ते याच वर्षी. १८४७ साली सुरू झालेल्या रुरकीच्या कॉलेजला थॉमसन कॉलेज हे नाव मिळालं तेही याच वर्षी. आणि आपल्या पुण्यात भवानी पेठेतल्या छोट्या घरांमध्ये इंजिनिअरिंगचा वर्ग भरू लागला, बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. आजच्या आपल्या सीओईपीचं मूळ तिथे आहे. याच वर्षी तिकडे इंग्लंडात मेकॉलेच्या समितीने शिफारस केली, की हिंदुस्थानातल्या सनदी नोकऱ्या स्पर्धा परीक्षेने भराव्यात. तोवर या जागा कंपनीचे डायरेक्टर आपापल्या ओळखीतल्या मुलांना देत असत. आपल्या भाषेत, वशिला. तो मोडायला परीक्षा आली. मार्कांचा जन्म मुलांना छळण्यासाठी झाला, असं हल्ली बोललं जातं. तसं नाही. ज्याच्यामागे कोणी नाही त्याला काहीतरी दाखवता यावं, यासाठी नोकरीच्या दारात मार्क आले.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे विश्वेश्वरय्या. वडील लहानपणी गेलेले, शिकवण्या करून बंगळूरला बी.ए. झाले, १८८१ साली. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याला आले. १८८३ साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. बर्कली पारितोषिक मिळालं. हे जेम्स बर्कली म्हणजे ज्यांनी आपल्या घाटांतून रेल्वे नेली ते. आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले, नेमणूक नाशिकला. पुण्यात ना नातं ना गोतं. ओळख करून दिली ती गुणपत्रिकेने.

आता, तेव्हा सगळा न्याय होता असं समजू नका. १८७१ साली इंग्लंडात कूपर्स हिलला खास हिंदुस्थानसाठी इंजिनिअर तयार करणारं कॉलेज निघालं, ते १९०६पर्यंत चाललं. बांधकाम खात्यातल्या वरच्या जागा मुख्यतः तिथून भरत. पुणे-रुरकीच्या मुलांसाठी जागा मोजक्याच. म्हणजे मार्क होते, पण कुठले मार्क हेही बघितलं जायचं. ही सवय आजही गेलेली नाही.

तरी एक गोष्ट नीट बघा. त्या काळी गुणवत्ता यादी वरून खाली वाचत. पहिला कोण, दुसरा कोण, त्याला बोलवा. म्हणजे मार्क हे बोलावणं होतं.

हे उलटं कधी झालं? १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. तालुक्याच्या गावातली, घरात पहिल्यांदाच पदवी घेणारी कितीतरी मुलंमुली त्यामुळे इंजिनिअर झाली. मग १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, संगणकाच्या कंपन्या वाढल्या, भरती शेकड्यांनी होऊ लागली. शंभर जागांना हजारो अर्ज. सगळ्यांशी बोलणार कोण? मग चाळणी आली. दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे साठ टक्के, आणि केटी बाकी नको. आता साठच का? कारण साठ म्हणजे फर्स्ट क्लास. दुसरं सबळ कारण मला कोणी सांगितलेलं नाही. पुढे टक्के जाऊन सीजीपीए आला. तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे साठ. नाणं बदललं, उंबरठा तोच.

मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं, की मालकाला उमेदवाराची कुवत दिसत नाही म्हणून तो पदवीसारख्या खुणेवरून अंदाज बांधतो. त्यांना २००१ साली नोबेल मिळालं. पण खुणेवरून अंदाज बांधणं हा आपल्या नैयायिकांचा हातखंडा विषय. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी असणार. धूर ही खूण. बरोबर. पण धूर दिसला नाही, म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येतं का? नैयायिक म्हणतात, नाही. आणि उदाहरण देतात तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला अग्नीबरोबर ओलं लाकूड लागतं.

आता हे आपल्या मार्कांना लावा. चांगले मार्क हा धूर. त्यावरून कुवतीचा अंदाज बांधायला हरकत नाही. अर्थात कधी धुकंही धुरासारखं दिसतं. अपेक्षित प्रश्न पाठ करून आलेले मार्क म्हणजे धुकं. पण साठच्या खाली म्हणून बाहेर, हा निष्कर्ष तर्कात बसतच नाही. अग्नी असूनही धूर न येण्याची कारणं असतात. घरची परिस्थिती, मराठी माध्यमातून आल्यावर पहिल्या वर्षी इंग्रजीत उडालेली गाळण, एखादं आजारपण. किंवा नीतिशास्त्राचा एखादा मास्तर!

मग मार्क काढूनच टाकायचे? अजिबात नाही. मार्क गेले की ती जागा रिकामी राहत नाही, तिथे ओळख येऊन बसते. आज त्याला रेफरल म्हणतात. बिनओळखीच्या मुलाचं नुकसान त्यात जास्त. माझं मागणं साधं आहे. मार्कांनी माणसाला आत बोलवावं, पण दार लावण्याचं काम त्यांना देऊ नये. साठच्या खालच्यांनाही परीक्षेला बसू द्या, एखादं काम करून दाखवू द्या. जास्तीचा एक दिवस जाईल.

आणि इथे बसलेल्या मुलामुलींनो, मार्कांना काही अर्थ नाही असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पहिल्या नोकरीला त्यांचा अर्थ असतो, चांगलाच असतो. तो मुलगा एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये लागला. दोन वर्षांनी नोकरी बदलताना त्याला कोणी टक्के विचारले नाहीत, कुठली मशीनं चालवलीस ते विचारलं. पण त्या दोन वर्षांत पगार कमी होता आणि शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते चालू होते. ते नुकसान कोणी भरून दिलं नाही.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नव्हतं, ते आता देतो. नाही रे बाबा, तसं होत नाही. माझे ४१ बरोबर होते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक होता. आणि मी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, तेव्हा हे त्याच दिवशी त्या कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसात जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. म्हणून आज तुमच्यापुढे सांगतोय.